शेजारची बेल वाजव, मनू

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तापात आणि जुलाबात तू एकटी पडून होतीस, हे काल ताईकडून कळलं. फोन करणार होते, पण फोनवर मी रडते आणि तू चिडतेस, म्हणून पत्र. आता बरी आहेस, तेव्हा तब्येतीबद्दल पुन्हा विचारणार नाही. फक्त एक सांग, तुझ्या दाराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

डॉक्टरांना पाण्याचा संशय आहे आणि तू म्हणतेस, घरात शुद्धीकरण यंत्र बसवते, प्रश्न मिटला. बसव. पण घाण शिरते ती बाहेरच्या जलवाहिनीत. तिच्यात सतत दाब असला तर भेगेतून पाणी बाहेर गळतं. पाणी तासभर सोडून मग बंद केलं की दाब पडतो आणि त्याच भेगेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. शेजारून मैलावाहिनी जात असेल तर विचारूच नको. त्यात तुमच्या इमारतीत ज्यांनी थेट नळाला मोटार लावली आहे, ते हा ओढा आणखी वाढवतात. त्यांच्या टाक्या भरतात, टोकाची घरं कोरडी राहतात, मग तीही मोटार घेतात. पुढे कुणी बोअर मारतो, कुणी टँकर मागवतो. कचेरीत ज्यांचं ऐकलं जातं त्यांचंच काही अडत नाही. मग जुनी वाहिनी बदला म्हणून मागे कोण लागणार? बसचंही तेच. फेऱ्या कमी झाल्या की थांब्यावर ताटकळणं वाढतं, परवडणारे स्वतःची गाडी घेतात, उत्पन्न घटतं, की पुन्हा फेऱ्यांना कात्री.

झालं माझं व्याख्यान सुरू. रागावू नको. सहावीत तू जलशुद्धीकरण केंद्राचं चित्र काढलं होतंस, तुरटी, निवळण, गाळणी, क्लोरीन, सगळं बरोबर क्रमाने. बाबा ते येईल त्याला दाखवायचे. अजून कपाटात आहे. त्या मुलीला मी पाणी शिकवतेय!

तरी सांगते. नळ सुरू झाल्यावरचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नको, रिकाम्या वाहिनीतली घाण त्यातच येते. पाण्याला खळखळून उकळी फुटली की पुढे मिनिटभर उकळू दे. पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासायची छोटी पेटी मिळते, ती आण. नमुना टाकीचा नको, साठवलेल्या पाण्यातलं क्लोरीन कमी होत जातं. थेट वाहिनीच्या नळाचा घे आणि लगेच तपास. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवं. आदल्या दिवशी ठीक आणि आज काहीच नाही, असं दिसलं तर वाटेत घाण शिरून तिने ते खाल्लं असू शकतं.

मग शेजारी जा. हे टाळू नको. एका घराची तक्रार आली तर त्या घरातलाच नळ बिघडला असं धरून चालतात. वाहिनीच्या एकाच फाट्यावरच्या चार घरांची, तारीख-वेळेसह आली, की बिघाड कोणत्या दोन व्हॉल्व्हच्या मधे आहे ते हेरता येतं आणि खोदाई तिथे होते. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला तेव्हा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं डॉ. जॉन स्नो यांनी. पण ज्या तान्ह्या मुलीपासून ते सुरू झालं, ती शोधली हेन्री व्हाइटहेड या तिथल्या धर्मगुरूने. तिचे लंगोट धुतलेलं पाणी त्या पंपाच्या विहिरीलगतच्या मलकुंडात जात होतं. त्याला ते सापडलं, कारण वस्तीतली घरं न् घरं त्याच्या ओळखीची होती. तुझ्या मजल्यावर आणखी कुणाला जुलाब झाले, तुला ठाऊक आहे? तुला झाले हे त्यांना?

१९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेच्या वर माणसं गेली. एकटी राहणारी, ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं अशी बरीच. हे लिहायचं नव्हतं. ती बहुतेक म्हातारी होती, तू तरुण आहेस, सगळं एकटीने निभावतेस आणि मी ते चारचौघांत मिरवते. पण किल्ली कुणाकडे तरी ठेव गं.

तक्रार लेखी दे, पोच घे. ‘पाणी खराब येतं’ असं मोघम नको. पाणी किती वाजता आलं, वास कसला, रंग किती वेळाने निवळला, क्लोरीन किती निघालं, कोणकोणत्या घरांत, हे लिही आणि खाली सगळ्यांच्या सह्या घे. मोटारी लावलेल्यांच्याही. त्यांना आधीच दोष देऊ नको, नाहीतर सही देणार नाहीत. आणि मसुदा आधी मला दाखव, तुझं मराठी अर्जात फार चिडकं होतं.

तुझी,
आई