कालव्याचा मुरुमी रस्ता सायकलींना मोकळा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऊस वाहतूक सुरू झाली की नीरा–बारामती रस्त्यावर सायकलवाल्याला जागाच उरत नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या पुढे जाण्यासाठी उजवीकडून घुसणाऱ्या मोटारी, समोरून येणारी एसटी आणि या सगळ्यांत साइडपट्टीवर जीव मुठीत धरून चाललेली शाळेची पोरं. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्याकडचा गाळपाचा हंगाम, आणि सायकल चालवावी असे थंड, कोरडे दिवसही नेमके हेच. अंधार पडल्यावर तर मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, हे आम्ही दर वर्षी पाहतो, दर वर्षी बोलतो.

याच रस्त्याच्या साथीने, कुठे अगदी खेटून तर कुठे दोन-चार शेतं सोडून, नीरा डावा कालवा वाहतो. त्याच्या भरावावर पाटबंधारे खात्याने देखरेखीसाठी ठेवलेला मुरमाचा रस्ता आहे. तो सलग चांगला आहे असं मी म्हणणार नाही. पण जिथे चांगला आहे तिथे सकाळी तासभर सायकल चालवली तरी चारचाकी आडवी येत नाही. हा रस्ता रीतसर सायकलस्वारांना आणि पायी चालणाऱ्यांना खुला करावा, त्यावर डांबर टाकू नये आणि जड वाहनांना तो खरोखर बंद करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

१८७६-७७ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून ज्याची खोदाई सुरू झाली आणि १८८० च्या दशकात ज्यातून पाणी खेळू लागलं, तो हा कालवा. पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तीन तालुक्यांतून तो दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. पाणी आपल्या भाराने पुढे सरकावं म्हणून कालवा जमिनीची समपातळी धरून, वळणं घेत नेलेला असतो. काही हजार फुटांत जेमतेम एखादा फूट उतार. म्हणून भरावावरच्या रस्त्याला ना चढ ना घाट. गिअर नसलेल्या साध्या सायकलवर आठवीतली मुलगीसुद्धा दम न लागता दहा किलोमीटर जाईल असा रस्ता आपल्या दारात आहे आणि तिला आपण उसाच्या ट्रॉलीमागे पाठवतो, हे मला खटकतं.

अलीकडे ग्रॅव्हल सायकल म्हणून एक प्रकार आपल्याकडेही मिळू लागला आहे. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाड आणि खाचांचे, मुरूम आणि खडीवर चालण्यासाठीच केलेले. अशा सायकलवर कालव्याचा रस्ता फार सुखाचा वाटतो. पावसाळा सरल्यावर मुरूम दबून घट्ट बसलेला असतो आणि टायरखाली त्याची बारीक करकर तेवढी ऐकू येते. एका हाताला काठोकाठ भरून चाललेलं आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी, दुसऱ्या हाताला खाली तुरे आलेला ऊस. दाऱ्याचा, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेचा, स्क्रू फिरवत बसलेला पाटकरी हात वर करतो. करंजाच्या फांदीवरून खंड्या पाण्यात सूर मारतो. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास येतो, तोही या मुलखाचाच. या रस्त्याची गैरसोयही सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात मुरमाचा फुफाटा होतो. काळी माती मिसळलेल्या पट्ट्यात एक सर पडली की चिखल चाकात आणि मडगार्डात गच्च बसतो, सायकल उचलूनच न्यावी लागते. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे ट्यूब सोडत नाहीत. पण यांतल्या कशानेही माणूस मरत नाही. मोठ्या रस्त्याबद्दल असं म्हणता येत नाही.

आज कायद्याने काय स्थिती आहे? महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ प्रमाणे कालव्याच्या भरावावरून नियम मोडून वाहन किंवा जनावर नेणं हा गुन्हा आहे. त्यामागचं कारण रास्त आहे. भराव मातीचा असतो. जड गाड्यांनी तो दबतो, चिरतो. कालवा फुटल्यावर काय होतं ते २०१८ च्या सप्टेंबरात पुण्याने पाहिलं. मुठा उजव्या कालव्याची भिंत खचली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं. त्यामुळे भरावाला जपणाऱ्या नियमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण माणसासकट सायकलचं वजन शंभर किलोच्या आसपास, आणि भरलेल्या दोन ट्रॉल्यांचं वीस टनांच्या घरात. दोघांना एकाच मापाने मोजायचं कारण नाही. प्रत्यक्षात तर उलटंच चाललं आहे. फाटक मोडलेलं असतं, मुरमाचे डंपर बिनदिक्कत जातात, संध्याकाळी ओल्या पार्ट्या रंगतात. सायकलस्वाराला मात्र कुणी हटकलं तर दाखवायला कागद नाही.

गावोगावी या रस्त्यावर डांबर टाकण्याची मागणी होते, तिची मला धास्ती वाटते. ज्या वस्तीला दुसरी वाटच नाही तिथे डांबर जरूर टाकावं. आजारी माणसाला चिखलातून न्यायची वेळ कुणावर येऊ नये. शेतातून ऊस बाहेर काढण्यासाठी पाणंद रस्ते पक्के झाले पाहिजेत, त्यालाही माझा पाठिंबा आहे. पण कालव्याचा सगळा रस्ता डांबरी झाला, तर वर्ष उलटायच्या आत तो मोठ्या रस्त्याचा बायपास होईल. पिकअप येतील, मोटारी येतील, हंगामात ट्रॅक्टर येतील, आणि कठडा नसलेल्या भरलेल्या कालव्याकाठी वेगाने गाड्या पळू लागतील. मुरूम आहे म्हणून तर वेग आवाक्यात आहे.

इटलीतल्या टस्कनीमध्ये पांढऱ्या खडीचे असेच ग्रामीण रस्ते डांबराखाली चालले होते. ते वाचावेत या हेतूने १९९७ मध्ये गायोले इन कियांती या छोट्या गावातून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची सफर सुरू झाली. आज तिथे २०९ किलोमीटरचा मार्ग कायमच्या पाट्या लावून राखलेला आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागो भागातली रेल्वे १९९० मध्ये बंद पडली. रूळ काढून त्या जागी बारीक खडीचा सुमारे दीडशे किलोमीटरचा सायकल मार्ग केला आणि २००० मध्ये तो खुला झाला. त्या वाटेवरच्या छोट्या गावांत मुक्कामाची घरं, खाणावळी, सायकल भाड्याने देणारी दुकानं उभी राहिली. आपल्याकडे पुण्याहून सायकलवाले शनिवार-रविवारी कुठे जावं या शोधात असतात. पिठलं-भाकरी, उसाचा रस, एखादी मुक्कामाची खोली यांतून वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे या बाजूच्या घरांत चार पैसे येतील. अर्थात तो वरचा लाभ. पहिला हक्क शाळेच्या पोरांचा आणि कामाला चालत जाणाऱ्या बायांचा.

जलसंपदा विभागाने आणि कृष्णा खोरे विकास महामंडळाने नीरा ते कोऱ्हाळे एवढा एकच टप्पा प्रयोग म्हणून घ्यावा. सायकल आणि पादचाऱ्यांना परवानगी असल्याचा स्पष्ट आदेश काढून त्याची पाटी दोन्ही टोकांना लावावी. फाटकाशेजारी दगडी खांब रोवून सायकल जाईल एवढीच फट ठेवावी. ज्यांची विहीर किंवा शेत कालव्याखाली आहे त्यांच्या मोटारसायकली अडवू नयेत. ते सावकाशच जातात आणि त्यांचा हक्क आमच्या आधीचा आहे. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात खड्ड्यांत मुरूम भरून, मध्ये उंच आणि कडेला उतरता राहील असा रोलर फिरवावा, म्हणजे पाणी साचणार नाही. कालव्याला आतून काँक्रीटचं अस्तर दिलेल्या ठिकाणी आत पडलेल्या माणसाला गुळगुळीत काँक्रीटवरून वर येता येत नाही. तिथे वळणावर दगडांची कड आणि ठरावीक अंतरावर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या किंवा साखळ्या हव्यात. बाभळी तोडणं आणि सराटे उपटणं आम्ही सायकलस्वार श्रमदानाने करू, त्यासाठी खात्याने फक्त दिवस सांगावा. पुढचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी निदान आदेश आणि पाट्या झाल्या, तरी रस्त्याकडेने जाणारी पोरं त्याच हंगामात कालव्यावर येतील.

आपला,
एक वाचक, ता. बारामती, जि. पुणे