उपाशी कुत्रा लवकर शिकतो?

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील श्वान-प्रशिक्षणावरच्या लेखात ‘कुत्रा उपाशी असला की लवकर शिकतो’ असे सरसकट विधान आहे. भूक नसेल तर खाऊची ओढ राहत नाही, एवढ्यापुरते ते खरे. परंतु दोन गोष्टींतला फरक ओळखायला प्राणी किती लवकर शिकेल, हे खाऊ कोणत्या क्षणी मिळतो यावरही फार अवलंबून असते आणि त्याचा लेखात उल्लेखच नाही.

१९४८ साली ग्राइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काळ्या-पांढऱ्यातून योग्य बाजू निवडायला उंदरांना शिकवले. निवडीनंतर अन्न मिळेपर्यंतच्या काळात त्या निवडीची आठवण करून देणारी कोणतीही खूण समोर राहू नये, ही दक्षता त्याने घेतली होती, आणि माझ्या मते प्रयोगाचे मर्म त्यातच आहे. अन्न तत्काळ मिळाले तेव्हा उंदीर चटकन शिकले. अवघ्या ५ सेकंदांच्या विलंबाने शेकडो फेऱ्या लागल्या आणि १० सेकंदांच्या विलंबात काही उंदरांना हजारावर फेऱ्यांनंतरही फरक कळला नाही. आजचे प्रशिक्षक योग्य कृती होताच क्लिकर या हातात मावणाऱ्या छोट्या साधनाने ‘टक्’ आवाज करतात आणि खाऊ मागाहून देतात, ते ही मधली पोकळी भरून काढण्यासाठीच. टांझानियात भूसुरुंगांचा वास ओळखायला शिकवल्या जाणाऱ्या मोठ्या उंदरांनाही आधी हा आवाज आणि मग केळे मिळते.

भुकेचेही प्रमाण असते. मानसशास्त्रज्ञ बर्च यांनी १९४५ मध्ये तरुण चिंपांझींवर केलेल्या प्रयोगात फार भुकेलेली जनावरे समोरच्या अन्नावरच खिळून राहिली व कोडे सोडवण्याची साधने त्यांच्या नजरेतून निसटली. अल्प भुकेलेल्यांचे लक्ष भलतीकडेच जाई. त्याआधी १९०८ मध्ये यर्क्स व डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना उंदरांवरील प्रयोगात असे दिसले होते की, ओळखायचा फरक ढोबळ असेल तर तीव्र प्रेरणा उपयोगी पडते, पण तो सूक्ष्म असेल तर मध्यम प्रेरणाच बरी. (अर्थात तेथे प्रेरणा विजेच्या धक्क्याची होती, भुकेची नव्हे, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा खाऊला लावणे घाईचे ठरेल.)

लेखात शिकवणीपूर्वी एक जेवण चुकवण्याचाही सल्ला आहे. लहान जातींच्या पिल्लांमध्ये उपासाने रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते, हे पाहता निदान त्या सल्ल्याची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली