माळ्यावरची लोखंडी पेटी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

शनिवारी सकाळी फॅब्रिकेशनवाला आणि कॅमेरेवाला, दोघे घरी येतील. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, टीव्हीच्या शोकेसमधून निघून पॅसेजच्या माळ्यावर लोखंडी पेटीत जाणार आहे. पैसे दिलेत, पेटी तयार आहे. न विचारता ठरवलं म्हणून रागावू नका. बाबा, विचारलं असतं तर तुम्ही "बघू गणपतीनंतर" म्हणाला असतात, आणि मला ते गणपतीच्या आधीच हवं होतं. तुम्ही गावी गेलात की घर बंद.

बी विंगमधलं तूच फोनवर सांगितलंस ना आई, कॅमेरे जागच्या जागी आणि डीव्हीआर तेवढा उचलून नेला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कॅमेरा नुसता बघतो, साठवते ती डीव्हीआरमधली हार्ड डिस्क. ती गेली की आलेल्या माणसाचा चेहराही गेला. आपला डीव्हीआर तर दारातून पाऊल टाकलं की समोर दिसतो.

बाबा म्हणतील, गोदरेजच्या कपाटात ठेवू. नको. चोराचा हात पहिला तिथेच जातो. शिवाय डिस्क दिवसरात्र फिरते, बंद कपाटात ती तापते आणि लवकर जाते. पेटी 16 गेजच्या जाड पत्र्याची आहे. दोन्ही बाजूंना हवेच्या फटी आहेत, आतून त्यांच्यापुढे आडवी पट्टी, म्हणजे बाहेरून तार घालून बटण दाबता येणार नाही. आत छोटा पंखा आहे. बोल्ट पेटीच्या आतून मारायचे, कुलूप लागलं की ते कुणाला सापडतच नाहीत. पॅसेजची भिंत अर्ध्या विटेची, तिच्यात बोल्ट धरणार नाहीत, म्हणून ते बीममध्ये घ्यायला सांगितलेत. माणूस टाळाटाळ करायला लागला तर बाबा, तुम्ही समोर उभे राहा. बाथरूमवरचा माळा मीच नको म्हटलं, ती भिंत जुलैत पाझरते.

आई, तुझं काहीही बदलत नाही. दारात कोण आलंय ते टीव्हीवर आत्तासारखंच दिसेल, वायर पेटीतून टीव्हीपर्यंत येते. पंख्याचा आवाज बेडरूमपर्यंत येणार नाही. तुझ्या बरण्या आणि पितळेची पातेली दादा आदल्या दिवशी उतरवून देईल, तू हात लावू नकोस. शोकेसमध्ये जागा होईल तिथे तुझा रेडिओ ठेव.

26 जुलैला, 2005 साली, बाबा साकीनाक्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले होते. रात्रभर तू दाराला कडी लावली नव्हतीस, त्यांना वाजवावं लागू नये म्हणून. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून जागी राहायचा हट्ट करत होते. त्याच दारामागे आता तुम्ही दोघंच असता, आणि मी इथे बेंगळुरूला. रात्री दोनला जाग आली की मोबाइलवर आपलं दार बघते. दिसलं की झोप लागते.

आता ऐका. डीव्हीआर रात्री बंद करायचा नाही. बाबा, वीज फार लागत नाही, सगळं मिळून दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास. खालच्या मीटररूममध्ये कुणी फ्यूज काढला तरी थोडा वेळ चालावा म्हणून छोटा यूपीएसही लावायला सांगितलाय. माऊस पेटीतच राहील, बाहेर ठेवायचा नाही, त्याने रेकॉर्डिंग पुसता येतं. पासवर्ड दादा त्याच दिवशी बदलेल, कॅमेरेवाल्याने घातलेला ठेवायचा नाही. एक किल्ली दादाकडे, एक तुमच्याकडे. आई, तांदळाच्या डब्यात नाही, देवघराच्या खणातही नाही. सगळे आधी तिथेच बघतात. दाराजवळच्या खुंटीवर तर मुळीच नाही. पेटी कुठे आहे ते लिफ्टमध्ये कुणाला सांगू नका, चांगल्या ओळखीच्यांनाही.

दोन कॅमेऱ्यांचं मिळून दिवसाला 43 जीबीच्या आसपास साठतं, म्हणजे 1 टीबीच्या डिस्कवर साधारण तीन आठवडे. मग जुनं पुसून नवं येतं. म्हणून गावाहून आलात की त्याच आठवड्यात दादाला सगळं बघून घेऊ दे. काही वाकडं दिसलं तर पेटी उघडू नका, कॅमेरेवाल्यालाही उघडू देऊ नका, आधी पोलीस. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. ते दादा बघेल.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही घरात असताना कुणी शिरलं आणि पेटी उघडा म्हणालं तर किल्ली देऊन टाका. अडवायचं नाही, ओरडायचं नाही, बाबा, तुम्ही तर अजिबात पुढे व्हायचं नाही. दारासमोर हालचाल झाली की फोटो माझ्या आणि दादाच्या मोबाइलवर येईल, अशी सोय करून घेतेय. पेटी गेली तरी तेवढं हातात राहील. मला तुम्ही दोघं हवे आहात. बाकी सगळं परत विकत मिळतं.

गावी जाताना बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्या, तिथे लगेच मिळत नाहीत. शनिवारी ते लोक गेले की फोन करा. आणि आई, पेटी कशी दिसते ते बघायला शिडीवर चढायचं नाही, दादा फोटो पाठवेल.

तुमची,
चिमी