या सुट्टीत घरी येत नाहीये, त्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतीच "बरं, बरं" म्हणाली असती आणि बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता, म्हणून लिहितेय. या सुट्टीत मी घरी येत नाहीये. एका म्युझियमच्या जीवाश्म उत्खननात स्वयंसेवक म्हणून चाललेय. फॉर्म भरला, रजा मंजूर झाली, रुंद काठाची टोपीही घेतली. म्हणजे विचारत नाहीये, कळवतेय. पण कळवताना घशाशी काहीतरी अडकतंय, तेही खरं.

बाबा, "तिथे तुझं काय काम?" हा तुमचा पहिला प्रश्न. डिग्री लागत नाही हो. आधी खडक आणि हाड ओळखायला शिकवतात. रंग सारखाच असला तरी भिंगातून हाडाची बारीक छिद्रं दिसतात. काही जण तुकडा जिभेला लावून बघतात. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं, साधा दगड सहसा चिकटत नाही. (आई, मी नाही लावणार. बहुतेक.) मग ब्रश, टोचा आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतात तसल्या सळया घेऊन बसायचं. हाड दिसलं की हात थांबवायचा आणि तज्ज्ञांना हाक मारायची. ते कुठल्या थरात होतं, कोणत्या दिशेला पडलं होतं, शेजारी काय होतं, याची नोंद न करता उपटलं तर त्याची निम्मी माहिती गेली. मग त्यावर ओला कागद आणि वरून प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. बाबांच्या मनगटाला घातलं होतं ना, अगदी तसंच. ते वाळलं की खालून पोखरायचं, अख्खा गोळा उलटा करायचा आणि दुसरी बाजूही बांधायची. मला तेच काम द्या, असं मी फॉर्मवर लिहूनसुद्धा टाकलंय.

बाकी बराच वेळ माती उपसण्यात आणि चाळण्यात जातो. जे मिळेल ते म्युझियमचं. त्यामुळे आई, खिडकीतल्या दगडांत भर पडणार नाही.

आणि शिकलेल्यांनीच हे करावं असं म्हणाल, तर इंग्लंडातल्या लाइम रीजिस गावची जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग बघा. वडील सुतारकाम करायचे, ते १८१० मध्ये गेले. पुढच्या वर्षी तिच्या भावाला इक्थिओसॉरची, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याची, कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा तिनं शोधला, जेमतेम बारा-तेरा वर्षांची असताना. १८२३ मध्ये तिला जवळजवळ अख्खा प्लेसिओसॉर, म्हणजे तसलाच पण लांब मानेचा प्राणी, मिळाला. लंडनच्या भूविज्ञान संस्थेनं मात्र बायकांना सभासद करून घ्यायला १९१९ उजाडवलं! मी मेरी नाही, ठाऊक आहे. पण माझ्या दप्तरातून दगड निघायचे तेव्हा आई रागवायची, फेकायची मात्र कधीच नाही. बाबा ते वर्तमानपत्रावर मांडून एकेकाचं नाव विचारायचे आणि मी वर्गातल्या मुलींची नावं सांगायचे. म्हणजे या वेडात तुमचाही वाटा आहे.

राहायची सोय चांगली आहे. तंबूत खाट आहे, प्यायचं पाणी भरपूर, खड्ड्यावर सावलीला कापड, गुडघ्याखाली घ्यायला जाड गादी. ऊन चढलं की काम थांबवतात. प्रथमोपचार येणारा माणूस कायम हजर असतो. एकटीनं कुठेही जाऊ देत नाहीत. आई, तुझ्या त्या मे महिन्यासारखं काही होणार नाही. रेंज अधूनमधून जाईल, तेवढं धरून चाला. फोन लागला नाही की लगेच दादाला हलवू नका.

आता माझं ऐका. बाबा, "बरं वाटतंय" म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही. ते डॉक्टर ठरवतील. आई, तू स्टुलावर चढायचं नाहीस. माळ्यावरचं जे काही हवं असेल ते दादा काढून देईल, त्याला मी बजावलंय. रात्री बाथरूमचा दिवा चालू राहू दे, बिलाची काळजी नको. आणि तुम्ही दोघं मला कळू नये म्हणून काही लपवत असाल, तर दादाची बायको सगळं सांगते मला!

रुसू नका ना. थोडी रजा मुद्दाम मागे ठेवलीय, तिथून थेट तुमच्याकडेच येणार. बाबा, डोळे तपासायची तारीख तेव्हाचीच घ्या, मी सोबत येईन. आणि बाबांनी फोन करून विचारलं नाही, तर आई, तूच कर.

तुमची,
चिमी