रात्रीचा पोपट छापलात, आता आमचा रानपिंगळाही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या 'नाइट पॅरट'वर, म्हणजे रात्री फिरणाऱ्या पोपटावर, आलेला लेख मी नववीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. मुलं कान देऊन ऐकत होती. असं काही आपल्या पेपरात येतं याचा मला आनंद आहे. पण नाहीसा झालेला पक्षी पुन्हा सापडणं ही जणू परदेशातच घडणारी गोष्ट आहे, असा त्या लेखाचा सूर होता आणि तो मनाला लागला. अशीच गोष्ट आपल्या शहादा तालुक्यात घडलेली आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला ती ठाऊक नव्हती, कारण ती त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

नंदुरबार जिल्हा तेव्हा झाला नव्हता, शहादा धुळे जिल्ह्यात होतं. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकन पक्षीअभ्यासकांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा, म्हणजे रानातलं एक लहान घुबड, बसलेला दिसला. १८८४ नंतर तो खात्रीने कुणी पाहिला नव्हता. मधल्या ११३ वर्षांत बहुतेकांनी तो संपला असंच धरलं होतं.

ही मंडळी शहाद्यापर्यंत कशी पोचली, ते मी मुलांना दोन तास घेऊन सांगितलं, कारण खरं विज्ञान तिथे आहे. रानपिंगळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचा हात होता तेच हे ह्यूम. त्यानंतर दहा-बारा वर्षांत मोजकेच नमुने जमले. ते परदेशातल्या संग्रहालयांत गेले आणि पेट्यांमध्ये पडून राहिले. त्यांतले बरेचसे आपल्या पश्चिम खानदेशातले होते. जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी इथे नोकरीला होता, त्याने ते गोळा केले होते. मग रिचर्ड मेनर्ट्झहॅगन या इंग्रज कर्नलाने दावा केला की आपण १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीजवळ रानपिंगळा मारला. त्याचा नमुनाही संग्रहालयात होता, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. पुढच्या शोधांवर त्या खोट्या पत्त्याची सावली पडली. रासमुसेन बाईंनी तो नमुना हातात घेऊन बारकाईने तपासला. कातडं सोलण्याची, भरण्याची, शिवण्याची प्रत्येकाची आपली पद्धत असते. त्या पक्ष्यावर डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा होत्या. कर्नलाने संग्रहालयातलाच जुना पक्षी उचलला होता, पुन्हा भरला होता आणि त्याला आपली चिठ्ठी बांधली होती. ते कळल्यावर मांडवी बाद झाली, आणि शोध जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागे निघाला. आधी त्यांनी पूर्वेकडची ठिकाणं पालथी घातली. तिथे काही मिळालं नाही. नंतर त्या खानदेशात आल्या.

मुलांना मी म्हटलं, बघा, शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर ठिकाण आणि तारीख नीट लिहून ठेवली होती म्हणून हा पक्षी सापडला. आणि दुसऱ्या कुणीतरी खोटं लिहिलं म्हणून सापडायला उशीर झाला.

आता तुमच्या पोपटाकडे येते. त्याचीही कहाणी अशीच आहे, म्हणूनच दोन्ही शेजारी शेजारी वाचायला हव्यात. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी १८६१ साली त्याचं वर्णन केलं. १९१२ नंतर हातात नमुना नाही. मग १९९० मध्ये क्वीन्सलंडमधल्या बूलियाजवळ रस्त्याच्या कडेला एक मेलेला पोपट सापडला, २००६ मध्ये डायमंटिना राष्ट्रीय उद्यानात आणखी एक मेलेला, आणि २०१३ मध्ये पश्चिम क्वीन्सलंडमध्ये जिवंत पक्ष्याचे फोटो आणि चित्रफीत मिळाली. इथपर्यंत तुमच्या लेखात आलं होतं. पुढचं आलं नाही. तेच फोटो काढणाऱ्या शोधकाने नंतर दुसऱ्या जागांहून दिलेले काही पुरावे तज्ज्ञांच्या तपासणीत टिकले नाहीत. घरट्यातली अंडी खरी नसावीत असं मत पडलं, आणि ज्या संस्थेसाठी तो काम करत होता तिने २०१९ मध्ये ते निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. हे छापायला हवं होतं. मुलांना शोध लागलेला कळतो, शोध तपासला कसा जातो ते कळत नाही.

आणि जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तर राहूनच गेलं. आजवर माहीत असलेले सर्वांत जास्त रात्रीचे पोपट सापडले ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट सँडी वाळवंटात, आणि ते शोधले तिथल्याच न्गुरुर्पा भागातल्या आदिवासी रेंजर्सनी, म्हणजे आपल्या भूमीची राखण करणाऱ्यांनी, शास्त्रज्ञांना सोबत घेऊन. २०२४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पन्नासपर्यंत पक्षी असावेत असा त्यांचा अंदाज आहे. हा पोपट दिवसभर स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवताच्या जुन्या, मोठ्या जाळीत दडून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो, त्यामुळे तो डोळ्यांनी दिसणं कठीण. रेंजर्सनी आवाज टिपणारी यंत्रं वाळवंटात लावली आणि नंतर रात्रीमागून रात्रीचे आवाज ऐकले. यंत्र कुठे लावायचं ते त्या भूमीत वाढलेल्या माणसांना माहीत होतं. पाणी कुठे साचतं, कुठलं गवत जुनं आहे, आग कुठून येते, हे सगळं त्यांच्या पायाखालचं.

त्यांनी डिंगोंची, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यांची, विष्ठाही गोळा करून तपासली. तीत मांजरांचे अवशेष निघाले. माणसांनी नेलेली आणि रानात माजलेली मांजरं हा त्या पोपटाचा मोठा शत्रू. डिंगो मांजरं खातो, म्हणजे डिंगोला विष घालून मारलं तर पोपटाच्या जिवावर बेतेल. विष्ठेत काय निघालं यावरून जंगलाचा कारभार कसा चालवायचा ते ठरतं, हे ऐकून माझी मुलं आधी नाक मुरडून हसली आणि मग एकदम गप्प झाली.

आणखी एक शोध सांगते, कारण तो मला रात्रभर आठवत राहिला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी संग्रहालयातल्या पोपटाच्या कवटीचं सी.टी. स्कॅन केलं. पोपट रात्रीचा, तर डोळे घुबडासारखे मोठे असतील असं कुणालाही वाटेल. डोळे निघाले इतर पोपटांएवढेच, आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नस उलट बारीक. म्हणजे अंधारात त्याला बारकावे नीट दिसत नसावेत. त्याच्या मुलखात काटेरी तारांची कुंपणं आहेत, आणि २००६ चा तो मेलेला पक्षी अशाच कुंपणापाशी सापडला होता. कधीकाळी मेलेल्या एका पक्ष्याची कवटी जपून ठेवलेली होती म्हणून आज जिवंत पक्ष्यांच्या वाटेतली तार काढायची की नाही हे कळतं.

आता आपल्याकडे. आपला गावातला ठिपकेवाला पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. चिंचेच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत राहतो, दिवेलागणीला कलकलाट सुरू करतो. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके दाटलेले. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ साधं तपकिरी, ठिपके असले तर अगदी पुसट. बांधा दणकट. छाती तपकिरी, आणि तिच्याखाली पोट एकदम स्वच्छ पांढरं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो दिवसा शिकार करतो.

मी तो पाहिला आहे. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही. हिवाळ्यातली सकाळ होती, आठ वाजून गेले होते, ऊन चांगलं वर आलेलं. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, पावरा आदिवासी शेतकरी, आम्हाला वाट दाखवत होते. पानं झडलेल्या सालईच्या शेंड्याकडे त्यांनी नुसतं बोट केलं. आधी मला फांदीचा खुंटच वाटला. मग त्याने शेपटी डावी-उजवी झटकली आणि मान आमच्याकडे वळवली. पोटावर ऊन पडलं तेव्हा ते इतकं पांढरं दिसलं की दुर्बिणीची गरजच राहिली नाही. थोड्या वेळाने तो सरळ खाली उतरला, गवतात पंख आपटले, आणि वर आला तेव्हा पंजात सरडा होता. "मॅडम, हा दिवसाचा पिंगळा," ते म्हणाले. कुठल्या सागाच्या ढोलीत त्याचं घर होतं, तो साग कधी पडला, त्यानंतर तो कुठे गेला, हे सगळं त्यांनी चालता चालता सांगितलं. त्यांच्या लेखी हा पक्षी कधी हरवलेलाच नव्हता. पण त्यांना विचारायला कुणी आलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलेलं कुठल्या वहीत उतरलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्या सातपुड्यातही पक्ष्यांची नोंद ठेवण्याचं काम तिथल्या पावरा आणि भिल्ल तरुणांच्या हाती द्यावं, आणि त्याचे रीतसर पैसे द्यावेत. संशोधक येतात, मेहनत करतात, त्यांच्यामुळेच हा पक्षी यावल अभयारण्यात आहे, मेळघाटात आहे, तानशाच्या जंगलातही आहे हे आपल्याला कळलं. पण ते काही महिन्यांनी परत जातात. पाड्यावरचं पोर बारा महिने तिथेच असतं. गुरं चारताना कान उघडे असतात, आणि हल्ली खिशात मोबाइल असतो. आवाज टिपायचा, तारीख-वेळ लिहायची, कुठल्या झाडावर ते लिहायचं. दहावी झालेला कुठलाही मुलगा किंवा मुलगी हे शिकू शकते. कामासाठी दिवाळीनंतर गुजरातेत उसाच्या तोडीला जाणाऱ्या घरांत अशा मजुरीचा किती आधार होईल, ते मी वर्गातल्या रिकाम्या बाकांकडे बघून दरवर्षी समजते.

दुसरी गोष्ट झाडांची. रानपिंगळा घरटं बांधत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, आणि त्याचा विणीचा काळ आपल्याकडे हिवाळ्यात सुरू होतो. नेमकं तेव्हाच जळणासाठी वाळकी, पोकळ झाडं पहिल्यांदा जातात, कारण ती निरुपयोगी वाटतात. नवी रोपं आपण पावसाळ्यात हजारोंनी लावतो आणि फोटो छापून आणतो. त्या रोपाला ढोली पडायला माणसाचा जन्म पुरत नाही. उभी असलेली पोकळ झाडं राखली तरी पुष्कळ होईल. चूल पेटवणाऱ्या बाईला दोष देऊन काही होणार नाही. तिला परवडेल असा गॅस मिळाला तर झाड उभं राहील.

तिसरी गोष्ट भीतीची. घुबड, पिंगळा घरावर ओरडला की अपशकुन, अमावास्येच्या पूजेला त्याची नखं, अंडी. हे आमच्या तालुक्यात आजही चालतं. गलोलीने मारलेला पिंगळा एका मुलाने वर्गात आणून दाखवला होता, तो ठिपकेवालाच होता. त्या मुलाला मी रागावले नाही. पक्ष्याच्या पोटात काय आहे ते आम्ही मिळून पाहिलं. टोळ, भुंगे आणि उंदराचं हाड निघालं. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कापूस, ज्वारी, मका आहे. उंदीर आणि टोळ काय करतात ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

तेव्हा संपादक महोदय, आपल्याला विनंती आहे. पुढच्या एखाद्या रविवारी पुरवणीत तेवढीच जागा रानपिंगळ्याला द्या. ठिपकेवाला आणि रानपिंगळा यांची चित्रं शेजारी शेजारी, मोठी, रंगीत छापा, म्हणजे पान कापून शाळेच्या भिंतीवर लावता येईल. मजकूर लागला तर मी लिहून पाठवीन, मुलांकडून त्यांच्या पाड्यांवरची माहितीही गोळा करून देईन. फक्त एक अट आहे. कुठला नाला, कुठला पाडा, कुठलं झाड हे छापू नका. ऑस्ट्रेलियात त्या पोपटाची नेमकी ठिकाणं गुप्त ठेवली जातात, कारण अंडी चोरणारे आणि फोटोसाठी गर्दी करणारे दोन्ही तिथे पोचतात. आपल्याकडे तर नखांसाठी पोचतील. वाचकांनी पाहिलेल्या नोंदी आल्या तर त्या पेपरात देण्याऐवजी वनविभागाकडे आणि अभ्यासकांकडे पाठवाव्यात.

आपली,
विज्ञान शिक्षिका
ता. शहादा, जि. नंदुरबार