रूपसिंहांच्या मैदानावरची हॉकी: माळ्यावरचे फोटो खाली काढा

ग्वाल्हेरकर मंडळींना सप्रेम नमस्कार.

कॅप्टन रूपसिंह स्टेडियम म्हटले की घरातल्या पोरांना 24 फेब्रुवारी 2010 आठवतो. सचिनच्या 147 चेंडूंत नाबाद 200 धावा, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले पहिले द्विशतक. त्याचा अभिमान आम्हालाही आहेच. पण फाटकावर ज्यांचे नाव आहे ते रूपसिंह हॉकीचे, आणि ते मैदानही मुळात हॉकीचे, हे त्याच पोरांना सांगावे लागते.

रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. जन्म जबलपूरचा, 1908 चा. नोकरी शिंदे सरकारच्या फौजेत, त्यामुळे ते ग्वाल्हेरचेच झाले. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असे हरवले. त्यात ध्यानचंदांचे गोल 8 आणि आपल्या रूपसिंहांचे 10! चार वर्षांनी बर्लिनला अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 ने नमवणाऱ्या संघातही ते होते. 16 डिसेंबर 1977 रोजी याच गावात त्यांनी देह ठेवला.

पुढे मैदान क्रिकेटचे झाले. 22 जानेवारी 1988 ला वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिला एकदिवसीय सामना झाला. 1997 मध्ये मुंबई-दिल्ली रणजी अंतिम सामना दिव्यांच्या उजेडात रंगला. ऑक्टोबर 2024 मध्ये शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना झाला. क्रिकेटची ही सगळी वर्षे छापील कागदांत सुरक्षित आहेत. हॉकीची वर्षे मात्र लष्कर-मुरारच्या घरांत, ट्रंकांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत आहेत, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. याची आम्हाला फार काळजी वाटते.

म्हणून आमच्या मंडळाने या मैदानावरच्या हॉकीचा इतिहास गोळा करायला घेतला आहे. गेल्या महिन्यात एका काकूंनी सासऱ्यांची स्टिक आणून दिली. जुन्या धोतरात गुंडाळलेली, मुठीवरची पट्टी अजून तशीच. अशा वस्तू हव्या आहेत. संघाचे फोटो, प्रमाणपत्रे, सामन्याची पत्रके, वर्तमानपत्राची कात्रणे, काहीही चालेल. फोटोमागे नावे लिहिलेली असतील तर सोन्याहून पिवळे. वस्तू पावती देऊन घेऊ, स्कॅन करून पंधरा दिवसांत परत करू. जे आजोबा तिथे खेळले त्यांच्या घरी येऊन त्यांचे बोलणे रेकॉर्ड करू. वाटेत हिंदी आले तरी हरकत नाही, आपण सगळे तसेच बोलतो.

स्कॅनिंग, चौकटी आणि 8 सप्टेंबरला, रूपसिंहांच्या जयंतीला, भरवायच्या प्रदर्शनासाठी पैसेही लागतील. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल, आणि सगळा हिशेब प्रदर्शनाच्या दारातच लावू. दर रविवारी संध्याकाळी मंडळाच्या कार्यालयात कोणीतरी असतेच. जुलैअखेरपर्यंत यावे.

ट्रंक माळ्यावर असेल आणि काढायला घरी कोणी नसेल, तर नुसता निरोप धाडा. आमची पोरे येऊन काढून देतील.