कड्यांची जागा कोष्टकात सापडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत फिशिंग रॉड घरी कसा बांधावा यावर लेख आला होता. गळाच्या मासेमारीवर मराठीत इतकं सविस्तर कोणी लिहीत नाही, म्हणून मी तो दोनदा वाचला. ब्लँक (कड्या-मूठ न लावलेली नुसती काठी) कसा निवडावा, मुठीला कॉर्क लावावा की फोम, हे सगळं ठीकच आहे. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीतल्या कोष्टकाबद्दल. टोकापासून पहिली कडी (गळाचा दोरा जिच्यातून जातो ती रिंग) ४ इंचांवर, दुसरी साडेआठवर, असं करत करत ९ फुटी रॉडला रीलजवळची मोठी कडी ६२ इंचांवर. खाली ठळक टाइपात सूचना : ‘ही मापे तंतोतंत पाळावीत.’ आमच्याकडे छापलेलं तंतोतंत पाळणारी माणसं पुष्कळ. कात्रण खिशात घालून माझ्याकडे आलेलीही आहेत.

मी रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ राहते. पूर्वी शिवणाचे क्लास घेत असे. धाकटा भाऊ बोटीवर होता, तो परदेशातून ब्लँक आणि गाईड, म्हणजे कड्या, आणायचा आणि दोरा गुंडाळायचं काम माझ्या गळ्यात मारायचा. क्लास बंद झाले, हे काम राहिलं. आता मिऱ्यापासून पूर्णगडापर्यंतचे गरवणारे (गळाने मासे धरणारे) काठ्या बांधायला आणि दुरुस्तीला देतात. मी स्वतः फारशी गरवत नाही. काठ्या मात्र रोज हाताखालून जातात, आणि कुठली काठी कशाने बिघडली ते तिच्या कड्या पाहिल्यावर बहुतेक वेळा कळतं.

कोष्टक टोकापासून मोजतं. तंगूस (गळाचा दोरा) मात्र सुटतो रीलपासून, आणि रील कुठे बसणार ते काठी धरणाऱ्याच्या हातावर ठरतं. लेखातलाच ९ फुटी, म्हणजे १०८ इंची रॉड घ्या. ६२ इंचांवरची कडी बुडाकडून मोजली तर ४६ इंचांवर येते. एखादा ठेंगणा माणूस रीलचा पाय बुडापासून १६ इंचांवर बसवून घेतो. उंच, लांब हातांचा माणूस तोच पाय २४ इंचांवर मागतो. स्पूलचा (रीलमधल्या, तंगूस गुंडाळलेल्या फिरकीचा) ओठ पायाच्या साधारण ४ इंच पुढे धरला, तर पहिल्याच्या स्पूलपासून ती कडी २६ इंच लांब पडते आणि दुसऱ्याच्या १८ इंच. काठी एक, कोष्टक एक, आणि फरक ८ इंचांचा. स्पिनिंग रीलचं स्पूल फेकताना फिरत नाही. त्यावरून तंगूस वेटोळ्यांनी सुटतो, आणि ती वेटोळी आवळून सरळ करायचं काम रीलजवळच्या एक-दोन कड्यांचं. कडी फार जवळ असली तर वेटोळी मोठी असतानाच तिच्यावर आदळतात. फार लांब असली तर मधल्या मोकळ्या जागेत तंगूस ब्लँकवर फटके मारतो. दोन्हीकडे फेक तोकडी पडते आणि दोष मात्र रीलला किंवा ‘वाऱ्याला’ दिला जातो.

मी असं करते. रील आधी गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणे बसवायचं. रीलचा मधला दांडा किंचित वर रोखलेला असतो. त्याच्या रोखाने सरळ पट्टी धरली की ती पुढे कुठेतरी ब्लँकला टेकते. त्या सुमारास पहिली बारीक कडी येते. तिच्या मागे मोठ्या कड्या, रीलकडे जाताना वाढत्या उंचीच्या. २५०० नंबरच्या रीलला रीलजवळची कडी २५ची (हे आकडे कडीच्या बाहेरच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये), मग १६, मग १०, आणि पुढे ८ किंवा ६च्या. मोठ्या रीलला सुरुवात ३० किंवा ४०पासून. स्पूलच्या ओठापासून पहिली कडी २० इंचांच्या आसपास धरून मी सुरुवात करते, पण ही फक्त सुरुवात. कडीचा व्यास सगळे विचारतात. तिच्या पायांची उंची कोणी विचारत नाही. २५ची बुटकी कडी आणि २५ची उंच कडी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण तंगूस स्पूलवरून ब्लँकच्या बऱ्याच खालून येतो.

बेटकास्टिंग रीलची गोष्ट वेगळी. तिथे स्पूल स्वतः फिरतं, तंगूस सरळ सुटतो, वेटोळी नसतात. म्हणून रीलजवळची कडी १० किंवा १२चीही पुरते. आपल्या लेखाच्या छायाचित्रात रील स्पिनिंगचं आणि कड्या बेटकास्टिंगच्या, बुटक्या आणि बारीक. हे लेखकाने केलं की चित्र शोधणाऱ्याने, कोण जाणे.

आता खरी परीक्षा, जी लेखात एका ओळीत उरकली आहे. कड्या दोऱ्याने बांधायच्या आधी सायकलच्या व्हॉलट्यूबच्या बारीक चकत्या कापायच्या आणि त्यांनी कड्या तात्पुरत्या अडकवायच्या. चिकटपट्टीही चालते, पण चकतीने कडी बोटाने पुढे-मागे सरकवता येते. मूठ खिडकीच्या गजांना घट्ट बांधायची, तंगूस सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला बालदी टांगायची आणि तांब्यातांब्याने पाणी घालत जायचं. टोक मुठीशी काटकोन करेपर्यंत काठी वाकवायची, त्याच्या पलीकडे नाही. मग बाजूला उभं राहून बघायचं. प्रत्येक कडीपाशी तंगूस सारखाच वळतो का? एखाद्या ठिकाणी एकदम कोपरा झाला असेल तर त्या एका कडीवर सगळा भार येतोय. तिच्या शेजारच्या कड्या जवळ घ्या किंवा मधे एक वाढवा. दोन कड्यांमध्ये तंगूस ब्लँकपासून फार सुटला असेल तरी तेच. कड्या वरच्या अंगाला असलेल्या काठीत उलटं होतं, तंगूस ब्लँककडे येतो. तो टेकला तर घासतो, म्हणून तिथे अंतर कमी करावं लागतं.

टोकाचा भाग मऊ, लगेच वाकणारा असेल तर कड्या टोकाशी दाट लागतात. मधूनच वाकणाऱ्या काठीला त्या खाली पसरून द्याव्या लागतात. काठी जितके फूट, तितक्या कड्या आणि वर एक, हा जुना हिशेब अंदाजाला बरा. पण गरज नसताना वाढवलेली कडी टोकाला जड करते. तिथला एक ग्रॅम हाताला कळतो आणि वाकलेलं टोक सावकाश सरळ होतं.

बालदीची परीक्षा झाली की तशाच तात्पुरत्या कड्यांनी पुळणीवर जाऊन फेकून बघायचं. नेहमीच्या वजनाचं शिसं, नेहमीचा तंगूस. रीलजवळची कडी इंचभर पुढे, इंचभर मागे. फटफट आवाज जिथे बंद होतो ती जागा. पेन्सिलीची खूण करायची आणि मगच दोरा हातात घ्यायचा. हे सगळं कोष्टक देऊ शकत नाही, आणि दुसऱ्याची काठी मोजून आणूनही मिळत नाही.

दुसरा मुद्दा कडीच्या भोकाचा. हल्ली बारीक कड्यांची हवा आहे. जपानच्या फुजी कंपनीने २०, १० आणि मग साडेपाच अशी झपाट्याने उतरणारी रचना आणली. बारीक ब्रेडेड लाइनला (विणलेल्या दोऱ्याला) ती छानच. पण आमचे लोक खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी उभे राहतात. खडकाला आणि कालवांना घासून लाइन तुटू नये म्हणून पुढे वावभर तरी जाड लीडर (टोकाचा तुकडा) बांधतात, ५०-६० पौंडी फ्लुरोकार्बनचा. साडेपाचची कडी म्हणजे बाहेरून साडेपाच मिलिमीटर. आतलं भोक त्याहून बरंच लहान. ब्रेड आणि लीडर यांची गाठ त्यातून फेकताना अडखळते आणि मासा जवळ आल्यावर परतताना अडकते, म्हणजे नको त्याच वेळी. म्हणून कड्या घेण्याआधी आपली नेहमीची गाठ मारलेला तुकडा दुकानात न्यावा आणि सगळ्यात लहान कडीतून दोन्ही दिशांनी ओढून बघावा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

कडीच्या आतल्या रिंगबद्दल लेखात ‘चांगल्या प्रतीची घ्यावी’ एवढंच आहे. ओली ब्रेडेड लाइन वाळूचे कण धरून ठेवते आणि तशीच कडीतून धावते. क्वार्ट्झच्या वाळूचा कठीणपणा मोह्‌सच्या मापावर ७. साध्या स्टीलचा त्याखाली, म्हणून चकाकणाऱ्या स्टीलच्या कड्यांना चरे पडतात आणि मग तेच चरे लाइन कापतात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ९ आणि सिलिकॉन कार्बाइड त्याच्याही थोडं वर, त्यामुळे या रिंगांना वाळू काही करत नाही. (आमच्या ‘काळ्या समुद्रा’च्या, म्हणजे रत्नागिरीतल्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याच्या, वाळूत इल्मेनाइट आहे, ते ५-६. म्हणजे दिसायला काळी वाळू भयंकर, पण घासते जास्त पांढरीच.) या रिंगांचं वैगुण्य एकच, खडपावर काठी आपटली तर त्या तडकतात आणि तडा डोळ्याला दिसत नाही. कापसाचा पातळ धागा रिंगेतून फिरवावा. तडा असेल तिथे कापूस अडकतो. मोठ्या कंपनीचं नाव कोरलेल्या नकली कड्याही बाजारात येतात. त्यांची रिंग चौकटीत नीट बसलेली नसते. अंगठ्याने दाबली तर काही वेळा हलते.

दोऱ्याबद्दल लिहायला बसले तर तुमचं पान पुरणार नाही. एवढंच सांगते की दोरा जोर लावून आवळणं म्हणजे मजबुती असं समजू नये. शिलाई मशीनवर ताण जास्त झाला की कापड गोळा होतं, तसं इथे ब्लँक वाकताना दोऱ्याखाली इपॉक्सीच्या चिकट लेपाला भेगा पडतात आणि त्यातून खारं पाणी शिरतं. दोरा गुंडाळून झाल्यावर कडी अंगठ्याने जेमतेम सरकली पाहिजे, म्हणजे डोळ्याने रेषा धरून ती सरळ करता येते. कडीच्या पायाची टोकं आधी कानशीने घासून पातळ करावी, नाहीतर दोरा त्या पायरीवर चढत नाही आणि फट राहते. काहींना पैठणीच्या काठासारखा रेशमी दोरा हवा असतो. रेशीम इपॉक्सी पितं, पारदर्शक होतं आणि खालचा काळा ब्लँक वर दिसू लागतो. रंग टिकवायचा तर आधी कलर प्रिझर्व्हर लावावा लागतो. इपॉक्सी लावल्यावर काठी सावकाश फिरती ठेवायची. त्यासाठी गणपतीच्या मागचं चक्र फिरवणारी मोटर उत्तम, मिनिटाला पाच-सहा फेऱ्या पुरतात. मृगाचा पाऊस लागला की मात्र मी हे काम थांबवते. दमट हवेत इपॉक्सी दुधाळ होतं. टोकाची कडी तेवढी इपॉक्सीने बसवू नये, हॉट ग्लूने बसवावी. ती कधी ना कधी मोडणारच, आणि तेव्हा थोडं तापवलं की निघून येते.

बेटकास्टिंगच्या काठीत वरच्या कड्या भार आल्यावर खाली वळायला बघतात आणि काठी मुठीत पिळते. त्यावर उपाय म्हणून रीलजवळची कडी वर ठेवून पुढच्या दोन-तीन कड्या हळूहळू बाजूने खाली उतरवत नेतात. टोकाकडे सगळ्या खालच्या अंगाला येतात. दिसायला ते विचित्रच. मी अशी काठी एका तरुणाला करून दिली, तर त्याच्या शेजारचे काका ‘बाईने कड्या वाकड्या बसवल्या’ असं बंदरावर सांगत सुटले. मुलगा ती काठी अजून वापरतोय. लेखात या रचनेचा उल्लेखही नाही, आणि ब्लँकवर छापलेल्या ‘३० टन, ४० टन’ कार्बनवर (हे आकडे ताठपणाचे) मात्र दीड परिच्छेद. कार्बन जितका ताठ, तितका खडकावर ठोकर लागली की नाजूक, हेही सांगायला हवं होतं. महागडा ब्लँक आणि वाटेल तशा कड्या यापेक्षा मध्यम ब्लँक आणि जागच्या जागी कड्या, असं मी गिऱ्हाइकाला तोट्यात जाऊनही सांगते.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना असते, काठीला नाही. पण त्या दिवसांत खडपावर उभं राहण्यात शहाणपण नाही, म्हणून लोक काठ्या दुरुस्तीला काढतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत नव्या बांधायला घेतात. तेव्हा विनंती अशी : ते कोष्टक परत छापायचं असेल तर टोकाकडच्या तीन-चार कड्यांपुरतंच छापा आणि ‘तंतोतंत पाळावीत’ काढून टाका. त्याच्या जागी ‘रील बसवून, काठी वाकवून तपासा’ एवढं घातलंत तरी पुरे. आणि छायाचित्र बदला.

आपली,
एक वाचक, भाट्ये, रत्नागिरी

(नाव छापू नये. हातातली कामंच अजून उरकलेली नाहीत.)